हबलचा कॅमेरा पंधरा वर्षांत किती मंदावला? स्वतः मोजून बघायचं असेल तर

हबल दुर्बिणीवरचा वाइड फील्ड कॅमेरा ३ अंतराळवीरांनी मे २००९ मध्ये बसवला. त्यानंतर त्याला माणसाचा हात लागलेला नाही. तरीही २०१० मध्ये टिपलेल्या ताऱ्याचं तेज आणि २०२३ मध्ये टिपलेल्या त्याच ताऱ्याचं तेज शेजारी ठेवून लोक बिनधास्त तुलना करतात, त्यावर शोधनिबंध लिहितात. हे चालतं, कारण बाल्टिमोरच्या स्पेस टेलिस्कोप सायन्स इन्स्टिट्यूटमधली मंडळी ठरावीक काळाने हा कॅमेरा त्याच त्या ठरलेल्या ताऱ्यांकडे वळवून तपासत असतात. किराणा दुकानातला काटा दरवर्षी तपासून त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो ना, तसंच. फक्त हा काटा सुमारे पाचशे किलोमीटर उंचीवर फिरतोय आणि त्याच्यावर ठेवायचं प्रमाणित वजन म्हणजे एखादा श्वेत बटू तारा.

गंमत म्हणजे या तपासणीचा सगळा कच्चा माल कोणालाही फुकट मिळतो. कॅलिब्रेशनसाठी, म्हणजे कॅमेऱ्याच्या तपासणीसाठी, घेतलेल्या निरीक्षणांवर सहसा राखीव काळ (ती मागणाऱ्यालाच बघता येतात असा सुरुवातीचा काळ) नसतो. मी पुण्यात बसून, साध्या लॅपटॉपवर, एमएस्सीच्या प्रकल्पासाठी हे काम केलं. पहिले चार महिने वाया गेले. ते कशात गेले ते सांगायला हा लेख आहे. म्हणजे तुमचे जाणार नाहीत.

आधी एवढं समजून घ्या

आपण शोधतोय ती गोष्ट फार बारीक आहे. या कॅमेऱ्याच्या यूव्हीआयएस शाखेची, म्हणजे अतिनील आणि दृश्य प्रकाश टिपणाऱ्या बाजूची, संवेदनशीलता फिल्टरनुसार वर्षाला साधारण ०.१ ते ०.२ टक्के घटते. म्हणजे दहा वर्षांत एक ते दोन टक्के. पण तुमच्या मोजमापात एक-दोन टक्क्यांचा घोळ घालू शकतील अशा गोष्टी डझनभर आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तुमच्याच प्रोग्रॅममध्ये असतात. त्यामुळे आलेख खाली उतरलेला दिसला की कॅमेऱ्यावर आळ घ्यायची घाई नको. तो शेवटचा संशयित. आधी बाकीच्यांच्या झडत्या घ्या.

काय काय लागेल

- पायथन, आणि त्यातली ॲस्ट्रोपाय, ॲस्ट्रोक्वेरी व फोटयुटिल्स ही तीन पॅकेजं. तिन्ही फुकट.
- हबलची निरीक्षणं साठवणाऱ्या मास्ट या संग्रहातून फायली उतरवायला बरं इंटरनेट. सार्वजनिक फायलींसाठी खातं काढावं लागत नाही.
- डिस्कवर थोडी जागा. पूर्ण चौकटीची एक फाइल साधारण १७० एमबीची असते, पण आपल्याला लागणाऱ्या बहुतेक फायली ५१२ गुणिले ५१२ पिक्सेलच्या तुकड्याच्या, जेमतेम तीनेक एमबीच्या असतात.
- कॅमेऱ्याची डेटा हँडबुक. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू नका, झोप येईल. फाइल-प्रकार, हेडर (फाइलसोबत येणारी माहितीची यादी) आणि डेटा-क्वालिटीच्या खुणा (कोणता पिक्सेल का खराब, हे सांगणारे आकडे) यांचे तक्ते तेवढे काढून ठेवा.
- एक वही. खरीखुरी, कागदाची. कधी काय उतरवलं, कोणत्या आवृत्तीने मोजलं, काय गाळलं आणि का, हे त्यात तारखेनिशी लिहा.

१. तारा निवडा

निवड तुमच्यासाठी आधीच झालेली आहे. जीडी १५३, जीडी ७१, जी १९१ बी २ बी आणि जीआरडब्ल्यू +७० ५८२४ हे चार श्वेत बटू या कॅमेऱ्याचे नेहमीचे ग्राहक. पहिल्या तिघांच्या वातावरणात जवळजवळ निव्वळ हायड्रोजन आहे, त्यामुळे त्यांचा वर्णपट कसा असावा हे गणिताने काढता येतं. शिवाय हे तारे आपलं तेज बदलत नाहीत. तेराव्या प्रतीच्या आसपासचे असल्याने काही सेकंदांत भरपूर प्रकाश देतात, आणि पिक्सेल मात्र भरून वाहत नाहीत. जी १९१ बी २ बी बाकीच्यांपेक्षा प्रखर आहे, त्याच्या फायलींत पिक्सेल भरलाय का हे जास्त डोळसपणे बघा.

एकाच ताऱ्यावर थांबू नका, किमान दोन घ्या. दोन्ही तारे एकाच वेगाने मंदावताना दिसले तर दोष आपल्या बाजूला आहे. एकच मंदावला तर त्या ताऱ्यात किंवा त्याच्या फायलींत काहीतरी आहे.

२. फायली शोधा, पण नावाने नाही

मी पहिल्यांदा ताऱ्याचं नाव टाकून शोधलं आणि निम्म्या फायली सुटल्या. निरीक्षणाचा प्रस्ताव लिहिणारा ताऱ्याचं नाव आपल्या मर्जीने लिहितो. कोणी जीडी आणि १५३ मध्ये आडवी रेघ देतं, कोणी देत नाही, कोणी लांब नाव अर्ध्यावर तोडतं. म्हणून आकाशातल्या स्थानावरून शोधा, आणि त्रिज्या जरा सढळ ठेवा, अर्धा कलामिनिट (अंशाचा एकशेविसावा भाग) तरी. हे तारे आपल्या जवळचे आहेत, त्यामुळे आकाशात सरकतात. जीडी १५३ वर्षाला ०.२ कलासेकंद सरकतो. पंधरा वर्षांत तीन कलासेकंद, म्हणजे या कॅमेऱ्याचे पंच्याहत्तर पिक्सेल! जुने निर्देशांक धरून वर्तुळ काढाल तर त्यात काळं आकाश सापडेल.

यादी आली की गाळणी लावा. यूव्हीआयएसच ठेवा, जी २८० ग्रिझमच्या फायली काढून टाका, कारण त्यात ताऱ्याऐवजी त्याचा वर्णपट पसरलेला असतो. मग हेडरमध्ये स्कॅनचा प्रकार सांगणारा शब्द बघा. काही फायलींत तारा ठिपक्यासारखा न दिसता खडूने ओढलेल्या रेघेसारखा दिसेल. पहिल्यांदा मी अशा पंधरा-वीस फायली ‘दुर्बीण हलली’ म्हणून फेकून दिल्या. दुर्बीण मुद्दाम हलवलेली असते. तारा पिक्सेलांवरून सरकवत नेला की त्याचा प्रकाश शेकडो पिक्सेलांवर पसरतो, एका फेरीत कितीतरी जास्त इलेक्ट्रॉन (प्रकाश पडल्यावर पिक्सेलमध्ये सुटणारे, ज्यांच्या संख्येवरून तेज कळतं) जमा होतात आणि एकेका पिक्सेलचे दोष आपसांत फिटतात. ठिपक्याच्या मोजमापात अर्धा-एक टक्का विखुरणी असते, रेघेच्या मोजमापात ती ०.१ टक्क्यापर्यंत खाली येते. नवख्याने सुरुवात ठिपक्यापासून करावी, पण रेघा जपून ठेवाव्यात. पुढे सोनं आहे ते.

३. सगळं एका दमात उतरवा

हा मुद्दा छोटा वाटतो. माझा दीड महिना यात गेला.

संग्रहातल्या फायली गोठलेल्या नसतात. कॅलिब्रेशनचा प्रोग्रॅम किंवा त्याच्या संदर्भफायली सुधारल्या की जुनी निरीक्षणंही नव्याने तयार होतात. २०१६ मध्ये यूव्हीआयएसच्या दोन्ही चिपांचं (प्रकाश टिपणाऱ्या पट्ट्यांचं) कॅलिब्रेशन स्वतंत्र झालं. ऑक्टोबर २०२० मध्ये काळानुसार बदलणारे संवेदनशीलतेचे गुणांक आले. तुमच्याकडच्या काही फायली सीनियरने २०१९ मध्ये पेनड्राइव्हवर दिलेल्या आणि बाकीच्या तुम्ही गेल्या आठवड्यात उतरवलेल्या असतील, तर आलेखात एक सुंदर पायरी दिसेल. तुम्ही तिचं कारण अवकाशात शोधत बसाल. ती पायरी पेनड्राइव्हची आहे.

म्हणून सगळ्या फायली एकाच दिवशी उतरवा. प्रत्येक फाइलच्या हेडरमधून कॅलिब्रेशन प्रोग्रॅमची आवृत्ती वाचा, सगळीकडे एकच असल्याची खात्री करा आणि वहीत लिहा.

कोणत्या फायली घ्यायच्या? एफएलटी आणि एफएलसी, दोन्ही. एफएलसी म्हणजे विद्युतभार वाहून नेताना झालेल्या गळतीची (सहावी पायरी बघा) दुरुस्ती केलेली, एफएलटी म्हणजे ती न केलेली. काम तिच्यावर करायचं, पण एफएलटी साक्षीदार म्हणून लागेल. ड्रिझल करून, म्हणजे अनेक चित्रं एकावर एक बसवून, जोडलेल्या फायली दिसायला गोंडस असतात, पण या कामात त्यांच्या नादी लागू नका.

४. मोजा, आणि मोजण्याची पद्धत बदलू नका

ताऱ्याचा मध्य प्रत्येक फाइलमध्ये नव्याने शोधा. त्याभोवती १० पिक्सेल त्रिज्येचं, म्हणजे ०.४ कलासेकंदाचं, वर्तुळ काढून आतले इलेक्ट्रॉन मोजा. दृश्य रंगांत ताऱ्याचा साधारण नव्वद टक्के प्रकाश एवढ्यात येतो.

लहान वर्तुळाचा मोह होतो, कारण त्यात आकाशाचा गोंधळ कमी. तो मोह टाळा. हबल साधारण ९५ मिनिटांत पृथ्वीभोवती एक फेरी मारते, फेरीत उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात जाते. या ताप-थंडीने दुर्बिणीची नळी किंचित आखडते-पसरते आणि फोकस हलतो. तिकडची मंडळी याला दुर्बिणीचा श्वास म्हणतात. तीन पिक्सेलच्या वर्तुळात या श्वासाने काही टक्क्यांचा फरक पडू शकतो. दहा पिक्सेलमध्ये तो फार थोडा उरतो, कारण इकडून तिकडे गेलेला प्रकाश तरीही वर्तुळातच असतो.

पार्श्वभूमीसाठी ताऱ्यापासून लांब, शंभर पिक्सेलच्या पलीकडे, एक कडं घ्या आणि त्याचा मध्यक काढा. कडं किती लांब यापेक्षा प्रत्येक फाइलला तेच कडं, हे महत्त्वाचं.

एककांचा एक घोळ इथेच मिटवा. यूव्हीआयएसच्या एफएलटी-एफएलसी फायलींत आकडे इलेक्ट्रॉनमध्ये असतात, सेकंदाला इलेक्ट्रॉन असे नाही. एक्स्पोजरच्या वेळेने तुम्हीच भागायचं. इन्फ्रारेड शाखेत मात्र आधीच भागलेलं असतं. दोन्हींना एकच प्रोग्रॅम लावणाऱ्या एका मित्राला आपल्या ताऱ्याचा स्फोट झाल्याचा भास झाला होता.

अजून एक. हा कॅमेरा आकाशाला तिरपा बसतो, त्यामुळे प्रत्येक पिक्सेल आकाशाचा सारखा तुकडा बघत नाही. त्यासाठी पिक्सेल-क्षेत्रफळाचा नकाशा मिळतो, त्याने गुणायचं. तारा कायम त्याच कोपऱ्यात असेल तर उताराला याने फरक पडत नाही. दोन कोपऱ्यांची तुलना करायची असेल तर मात्र हे टाळून चालणार नाही.

५. खराब मोजमापं वेगळी करा

भरलेला पिक्सेल: डेटा-क्वालिटीत २५६ ची खूण. वर्तुळात एक जरी सापडला तरी फाइल बाजूला.

वैश्विक किरण: एका किरणाने वर्तुळात दोन-तीन हजार इलेक्ट्रॉन पडले तर अडीच लाखांच्या बेरजेत तो एक टक्का झाला. म्हणजे तुमची पाच-सात वर्षांची घसरण एका टिचकीत उडाली. ही निरीक्षणं पुष्कळदा जोडीने घेतलेली असतात, तेव्हा जोडीतले दोन आकडे ताडून बघा.

एक सेकंदाच्या आतली एक्स्पोजरं: मी सरळ गाळते. शटरच्या हादऱ्याने इतक्या छोट्या एक्स्पोजरमध्ये ताऱ्याची प्रतिमा थोडी पसरते.

तापलेले पिक्सेल: यांच्याबद्दल सगळीकडे इतकं लिहिलेलं असतं की नवखा माणूस घाबरून आठवडाभर त्यातच अडकतो. शोधचिप उणे ८३ अंश सेल्सिअसला ठेवलेली असते, तरी अवकाशातल्या कणांच्या माऱ्याने पिक्सेल बिघडत जातात. महिन्यातून एकदा चिप तापवली की त्यातले बरेच सुधारतात. पण तापलेला पिक्सेल म्हणजे तासाला ५४ पेक्षा जास्त इलेक्ट्रॉन गळणारा. तुमचं एक्स्पोजर दहा सेकंदांचं असेल तर काठावरच्या अशा पिक्सेलचं योगदान एका इलेक्ट्रॉनचा सातवा हिस्सा. सोडून द्या. तासाभराची एक्स्पोजरं घेणाऱ्यांची ती डोकेदुखी आहे.

६. गळतीला मंदावणं समजू नका

सगळ्यात लबाड चोर हा. एक्स्पोजर संपल्यावर प्रत्येक पिक्सेलमधले इलेक्ट्रॉन ओळीने ढकलत ढकलत कोपऱ्यातल्या वाचकापर्यंत, म्हणजे ते मोजणाऱ्या सर्किटपर्यंत, न्यायचे असतात. पाण्याच्या बादल्या हातोहात पुढे द्याव्यात तसं. किरणांच्या माऱ्याने चिपमध्ये सापळे तयार होतात, प्रत्येक बादलीतलं थोडं पाणी वाटेत सांडतं, आणि सापळे वर्षागणिक वाढतात. म्हणजे हा दोषही काळासोबत वाढत जातो, हुबेहूब संवेदनशीलता घटल्यासारखा. दोघांचा चेहरा एक, पण आजार वेगळे.

ओळखायचं कसं? गळतीचा परिणाम मंद ताऱ्यावर जास्त, प्रखरावर कमी. वाचकापासून लांबच्या ताऱ्यावर जास्त, जवळच्यावर कमी. पार्श्वभूमी काळीकुट्ट असताना जास्त, थोडा उजेड असताना कमी. म्हणून तर २०१२ च्या अखेरीपासून एक्स्पोजरनंतर एलईडीने हलकासा प्रकाश टाकून सापळे आधीच भरून ठेवायची पद्धत आली. आधी पिक्सेलमागे १२ इलेक्ट्रॉनांची पार्श्वभूमी पुरेशी मानत, पुढे ती २० वर नेली. खरी संवेदनशीलता घटली असेल तर ताऱ्याच्या प्रखरतेशी किंवा जागेशी तिचं देणंघेणं नसतं.

तपासणीची निरीक्षणं सहसा कोपऱ्यातल्या तुकड्यात घेतात, ए कोपरा पहिल्या चिपवर, सी कोपरा दुसऱ्या चिपवर, ते यामुळेच. वाचक जवळ, सांडायला वाट कमी. आता एफएलटी बाहेर काढा. एफएलटीवरून आणि एफएलसीवरून असे दोन उतार काढा. ते जुळले तर गळती नगण्य होती. एफएलटीचा उतार तीव्र आला तर गळतीचा वाटा किती होता हे कळलं, आणि तुमचा तारा कोपऱ्यात होता का हे पुन्हा तपासायला हवं.

७. उतार काढा, पण किती माहिती आहे ते आधी बघा

एका फिल्टरचा एक आलेख. एफ ६०६ डब्ल्यू या दृश्य प्रकाशाच्या फिल्टरपासून सुरुवात करा, त्याची निरीक्षणं भरपूर आहेत. आडव्या अक्षावर हेडरमधली एक्स्पोजर सुरू झाल्याची सुधारित ज्यूलियन तारीख (एमजेडी, म्हणजे दिवसांची सलग मोजणी), उभ्या अक्षावर सेकंदाला इलेक्ट्रॉन. ५५००८ हा दिवस, म्हणजे २६ जून २००९, या कॅमेऱ्याचा अधिकृत आरंभ मानतात. तिथे आकडा १ धरून बाकीचे त्या प्रमाणात मांडा. ए आणि सी कोपरे वेगळे ठेवा, तारे वेगळे ठेवा.

मग सरळ रेघ बसवा. रेघ बसतेच, पॅकेज कधी नाही म्हणत नाही. तिच्या उतारात चूक किती हे आधी अंदाजा. मोजमापांची विखुरणी घ्या, तिला ‘बारा भागिले मोजमापांची संख्या’ याच्या वर्गमुळाने गुणा, मग एकूण वर्षांनी भागा. विखुरणी ०.७ टक्के आणि दोन वर्षांत दहा मोजमापं असतील तर उतारातली चूक वर्षाला ०.३८ टक्के. म्हणजे जे शोधायचं त्याच्या जवळजवळ दुप्पट ते चौपट. चौदा वर्षांत शंभर मोजमापं असतील तर चूक ०.०१७ टक्के. तेव्हा ‘फक्त गेल्या दोन वर्षांचं बघू’ म्हणणाऱ्या मार्गदर्शकाला हे गणित नम्रपणे दाखवा.

८. दुरुस्त केलेल्या आकड्यावर शिक्का मारू नका

इथे मी सगळ्यात जास्त तोंडघशी पडले. काम संपत आल्यावर वाटलं, नुसते इलेक्ट्रॉन काय, खऱ्या तेजाच्या एककात देऊ. हेडरमध्ये फोटफ्लॅम नावाचा गुणांक असतो, त्याने प्रत्येक फाइलचा आकडा गुणला. आलेख सपाट! कॅमेरा अजिबात मंदावलेला नाही, असा निष्कर्ष काढून मी सादरीकरणाच्या पाट्यासुद्धा तयार केल्या.

ऑक्टोबर २०२० पासून हा गुणांक तारखेनुसार बदलतो. कॅमेरा जितका मंदावला तितका तो वाढवलेला असतो. मी दुखणं औषधासकट मोजत होते. फाइलमधल्या पिक्सेलांना ही काळानुसारची दुरुस्ती पूर्णपणे लागलेली नसते, ती मुख्यतः हेडरच्या आकड्यात बसते. त्यामुळे इलेक्ट्रॉन मोजाल तर घसरण दिसेल, गुणांक लावाल तर दुरुस्ती बरोबर आहे का ते दिसेल. दोन्ही आलेख उपयोगाचे, पण कोणता कशासाठी ते शीर्षकात लिहा. शिवाय वेगवेगळ्या वर्षांच्या फायली जोडून एक चित्र करणाऱ्यांनी आधी त्यांचे इलेक्ट्रॉन एका पातळीवर आणायला हवेत, हेही यातूनच निघतं.

९. फिल्टरांची तुलना करा

घसरण खरी ठरली की सगळे रंग शेजारी ठेवा. या कॅमेऱ्याच्या आधी त्याच जागी बसलेल्या वाइड फील्ड अँड प्लॅनेटरी कॅमेरा २ ची गोष्ट लक्षात ठेवा. त्याच्या थंडगार भागावर दुर्बिणीतले रेणू गोठून साचायचे, आणि हा थर अतिनील प्रकाश सगळ्यात जास्त खायचा. महिनाभरात अतिनील फिल्टर ठळकपणे मंदावायचे, मग कॅमेरा तापवून थर उडवायचे, की तेज परत जाग्यावर. आलेख करवतीच्या दात्यांसारखा. हे टिपलं जायचं तेही आपल्या जीआरडब्ल्यू +७० ५८२४ वरूनच. नव्या कॅमेऱ्यात असे दाते दिसत नाहीत. तुमच्या आलेखात एफ २७५ डब्ल्यू किंवा एफ ३३६ डब्ल्यू हा अतिनील फिल्टर बाकीच्यांपेक्षा फार वेगाने कोसळताना दिसला, तर तो शोध लागला असं समजण्याआधी पाचव्या पायरीवर परत जा.

पायऱ्याही शोधा. जानेवारी २०१९ मध्ये हा कॅमेरा काही दिवस बंद पडला होता, २०२१ मध्ये तर दुर्बिणीचं निरीक्षणाचं कामच काही वेळा थांबलं. अशा तारखा आलेखावर उभ्या रेघांनी दाखवा आणि दोन्ही बाजूंची सरासरी ताडून बघा.

१०. इन्फ्रारेडकडे जाताना

यूव्हीआयएस जमलं की तोच प्रोग्रॅम इन्फ्रारेड शाखेवर चालवायचा मोह होईल. तिथली चिप वेगळ्या जातीची आहे, पारा-कॅडमियम-टेल्युराइडची. बादल्या हातोहात द्यायची पद्धतच तिथे नाही, त्यामुळे सहावी पायरी बाद. त्याऐवजी आधीच्या निरीक्षणातल्या प्रखर ताऱ्यांची भुतं पुढच्या चित्रात तासन्‌तास रेंगाळतात. तेव्हा ताऱ्याची फाइल उघडण्याआधी, तिच्या लगेच आधी कॅमेरा कुठे बघत होता, ते शोधा.